ऊन उतू जाते तेव्हा

इंदूरहून उज्जैनला मोटारीने निघाले की सांवेर मागे पडते, त्रिवेणीपाशी क्षिप्रेचा पूल लागतो, शनिमंदिर दिसते आणि पाठोपाठ नानाखेडा येतो. महाकाळाच्या यात्रेकरूंना या वस्तीचे काही कौतुक असण्याचे कारण नाही. ते बसस्थानकावर उतरतात, रिक्षा पकडतात आणि गावात जातात. माझे सामान मात्र गेली तीस वर्षे तिथेच उतरते, कारण ताईचे घर तिथे आहे. ताई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. आमचे वडील, अण्णा, यांनी आयुष्याची शेवटची सहा वर्षे तिच्याच घरी काढली.

अण्णा होळकर दरबारचे गवई. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा त्यांना नुकते विसावे लागले होते, म्हणजे दरबारची नोकरी जेमतेम तीन-चार वर्षांची. पण दरबाराचे नियम त्यांनी पुढे साठ वर्षे पाळले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मी दरबार पाहिला तो फक्त त्यांच्या वागण्यात. त्या नियमांपैकी एक असा की, मृग लागल्याखेरीज मल्हार गायचा नाही. शिकवायचा नाही, गुणगुणायचाही नाही. मे महिन्यात एखाद्या शिष्याने हौसेने गौडमल्हाराची चीज काढली तर अण्णा तंबोरा खाली ठेवून पाणी प्यायला उठत. रागावत नसत. पण तो शिष्य पुन्हा ती चूक करीत नसे.

माळव्याचा उन्हाळा जुन्या मंडळींनी निराळा पाहिला आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी वाटणी आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात असे. पाचशे मीटर उंचीचे हे पठार. दिवस कितीही तापला तरी रात्री दहानंतर वारा सुटायचा, गच्चीवर टाकलेल्या अंथरुणात पहाटे चादर ओढावी लागायची. नानाखेड्याच्या पलीकडे तेव्हा शेतेच होती. काळी माती वैशाखात अशी तडकायची की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. आता तिथे वसाहती आहेत, दुकानांचे मजले आहेत, क्रीडांगण आहे. सिमेंट दिवसभर खाल्लेले ऊन रात्रभर परत करते, आणि ती प्रसिद्ध रात्र पंख्याखाली कूस बदलण्यात जाते.

पाण्याचे तसेच. माळव्यात पावलोपावली पाणी अशी म्हण आहे, आणि ती म्हण ऐकत ऐकत आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहिलो आहोत. उज्जैनला पाणी मिळते ते मुख्यतः गंभीर नदीवरच्या धरणाचे. त्याची क्षमता 2,250 दशलक्ष घनफूट. पावसाने दगा दिलेल्या वर्षी वैशाख लागला की धरणात किती उरले हा आकडा लोक वर्तमानपत्रात आधी पाहतात, राशिभविष्य नंतर. नळ दिवसाआड होतो. क्षिप्रेचे तर बोलायलाच नको. 2014 पासून ओंकारेश्वराकडून नर्मदेचे पाणी नळाने डोंगर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी गावापाशी तिच्यात सोडतात, म्हणून रामघाटावर बुडी मारण्यापुरती ती उन्हाळ्यातही नदी असते. (त्रिवेणीला आपल्या इंदूरची खान नदी तिला येऊन मिळते. तिच्यातून आपण काय पाठवतो याविषयी इंदूरकरांनी उज्जैनात मोठ्याने बोलू नये.)

अशा दिवसांत एखाद्या दुपारी चार वाजता वारा पडतो. पान हलत नाही. कडुनिंबावरचे कावळे चोच उघडून बसलेले. नैऋत्येला किंवा वायव्येला आधी मळकट पिवळी भिंत उभी राहते, मागून शाईसारखा ढग. मग धूळ, दारे आपटतात, वाळत घातलेल्या पापडांवर कुणीतरी धावते, आणि त्या धुळीतच एकदम गार वाऱ्याचा झोत तोंडावर येतो. त्या एका झोतासाठी माणूस दीड महिन्याचे ऊन माफ करतो. टपोरे थेंब, क्वचित गारा, तासाभराचा गोंधळ, आणि अंगणातून तो मातीचा वास. कनौजचे अत्तरिये तोच वास भाजलेल्या मातीतून काढून कुपीत भरतात, पण फुकटातल्याची सर त्याला नाही. पारा दहा-दहा अंशांनी उतरतो. रस्त्यावर अनोळखी माणसे एकमेकांकडे पाहून हसतात.

हा वळीव. अण्णांना तो आवडत नसे असे नाही. ते खुर्ची पडवीत घ्यायला लावत आणि सगळा पाऊस संपेपर्यंत बसत. पण मी एकदा, दहा-अकरा वर्षांचा असेन, "अण्णा, पाऊस आला, आता मल्हार?" असे विचारले तेव्हा म्हणाले, "हा पाऊस नव्हे रे. ऊन उतू गेलंय."

मला ते तेव्हा एका बुजुर्गाचे विक्षिप्त बोलणे वाटले. पुढे हवामानशास्त्राची चार पाने वाचनात आली तेव्हा कळले की त्यांनी दुधाची उपमा अगदी चपखल दिली होती. मे महिन्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाऊ पाहते. पण पश्चिमेकडून आलेल्या कोरड्या, उष्ण हवेचा एक थर वर साय धरल्यासारखा बसलेला असतो. तो खालच्या हवेला उठू देत नाही. खाली ताप साचत राहतो. अशात समुद्राकडची ओल खालच्या थरात शिरली आणि ऊन पुरेसे चढले की साय फाटते, आणि कोंडलेले सगळे एकदम उसळते. मग काही मिनिटांत ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. त्याच्यातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतात. सुकताना हवेतली उष्णता घेतात, ती गार जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येतो तो वारा हाच. कधी कधी नुसता तोच येतो आणि थेंब आकाशातच राहतात. म्हणजे जो गारवा आपण देवाची कृपा म्हणून तोंडावर घेतो तो दुपारपर्यंत आपल्याला भाजणाऱ्या उन्हाचाच केलेला असतो. ऊन जितके कडक तितकी उसळी मोठी.

आता मौज पाहा. या पावसाला ज्यांनी ज्यांनी हिशेबात धरायला हवे होते त्यांनी कुणीच धरलेले नाही, आणि हे सगळे उज्जैनातच घडलेले आहे.

वराहमिहिर अवंतीचा. उज्जैन जिल्ह्यातले कायथा हे त्याचे कपित्थक असे मानतात. त्याने बृहत्संहितेत पर्जन्यावर अध्यायच्या अध्याय लिहिले. मेघांना गर्भ राहतो आणि 195 दिवसांनी ते प्रसवतात असा त्याचा सिद्धांत. इतकेच नव्हे, हातभर रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजण्याची रीतही त्याने सांगितली आहे. पण मोजायला सुरुवात केव्हा करायची? ज्येष्ठी पौर्णिमा उलटल्यावर, पूर्वाषाढा नक्षत्रापासून. त्याआधी जे पडेल ते भांड्याबाहेर.

कालिदासाचा मेघ आषाढातला. 'प्रथम' दिवसाचा की 'प्रशम' दिवसाचा हा पंडितांचा जुना तंटा, पण महिना आषाढच. यक्ष त्याला वाट वाकडी करून उज्जयिनीला जायला सांगतो आणि महाकाळाच्या सांजपूजेत आपल्या गर्जनेने नगाऱ्याचे काम करायला लावतो. तो शहाणा, सावकाश चालणारा, निरोप पोचवू शकेल असा मेघ आहे. वैशाखातल्या ढगाकडे कुणी निरोप दिला असता तर त्याने तो सांवेरलाच टाकून दिला असता.

उज्जैनची वेधशाळाही तशीच. सवाई जयसिंगाने ती बांधली, 1923 साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिथे आयुष्य घातले. तिच्या आवारातून आजही शहराचे तापमान आणि पाऊस वर्तमानपत्रांना कळतो. पण पावसाळ्याचा जमाखर्च हवामानखाते मांडते तो 1 जून ते 30 सप्टेंबर. वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस इथे पडतो, त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. मेमधल्याचा रकाना वेगळा आणि आकडा किरकोळ.

आणि चौथे आम्ही गाणारे. मेघ, मियाँमल्हार, गौडमल्हार, सूरमल्हार, किती प्रकार सांगावेत! कुमार गंधर्व 1948 साली क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि माळव्याचेच झाले. इथल्या बायकांच्या गाण्यांना कान देऊन त्यांनी 'गीत वर्षा' हा कार्यक्रम बांधला, तोही वर्षेचाच. वळिवाच्या नावाचा राग मला तरी कुणी शिकवला नाही. दुपारचे सारंग संपतात आणि थेट मल्हार सुरू होतात.

यात चूक कुणाची नाही. शेतकऱ्यांचा हिशेब तर याहून कडक. सूर्य रोहिणीत शिरला की, म्हणजे 25 मेच्या सुमारास, नौतपा लागतो. हे नऊ दिवस कडक तापले पाहिजेत, मध्ये पाऊस झाला तर नौतपा गळाला आणि पुढचा पावसाळा उणा, अशी माळव्यात समजूत आहे. ताईच्या मागच्या आळीत एक म्हातारे किसान राहत. गार वाऱ्याने आम्ही मुले नाचत असू तेव्हा ते ओटीवर कपाळाला हात लावून बसलेले मी पाहिले आहेत. समजूत खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. पण तासाभराचा वळीव विहिरीला पोचत नाही, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होते. तो भेगांतून खाली उतरतो आणि नाहीसा होतो. फार तर ढेकूळ भिजते, वखराला सोपे जाते. उलट मंडीत उघड्यावर पडलेला गहू भिजतो, कैऱ्यांचा सडा पडतो, आणि वीज झाडाखाली उभ्या माणसावर येते. वीज पडून जाणाऱ्यांच्या देशभरच्या यादीत मध्य प्रदेशचे नाव दरसाल वरच्या रांगेत असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेने 'दामिनी' नावाची सोय केली आहे, मोबाइलवर आगाऊ इशारा मिळतो. ताईने ती घेतली आहे आणि तो इशारा वाजला की ती सगळ्यांना आत बोलावते. पापड तेवढे स्वतः आणायला जाते.

2016 चा सिंहस्थ तर पुष्कळांना आठवत असेल. 22 एप्रिल ते 21 मे, ऐन भट्टीत. 5 मे रोजी मी चार विद्यार्थ्यांना घेऊन मंगलनाथच्या बाजूच्या एका मंडपात भजनाला बसलो होतो. उकाडा असा की पेटीच्या पट्ट्या बोटांना चिकटत होत्या. दुपार कलली आणि तो झोत आला. मंडपातल्या हजारभर माणसांनी एकदम 'आहा' म्हटले. मी आयुष्यात ऐकलेली ती सर्वांत मोठी दाद. विद्यार्थ्यांपैकी एकाने हात वर केले आणि दुसऱ्याच क्षणी मागचा खांब उपटून आडवा आला. पुढचा अर्धा तास मी सांगत नाही. आम्ही पाचही जण चिखलातून बाहेर आलो, तबल्याची जोडी आत राहिली. त्या दिवशी मेळ्यात मंडप कोसळून आणि वीज पडून सात माणसे गेली, जखमी कितीतरी. चार दिवसांनी, अक्षय्य तृतीयेच्या स्नानाच्या दिवशी, वादळ पुन्हा आले.

त्याच उन्हाळ्यात लातूर आगगाडीने पाणी पीत होते. दोन वर्षे लागोपाठ पावसाने पाठ फिरवलेली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी पोचली, सुमारे 340 किलोमीटरवरून, प्रत्येकी पन्नास हजार लिटरचे दहा डबे. उज्जैनात तंबूत गुडघाभर पाणी आणि लातुरात घागरींची रांग, अशी दोन्ही छायाचित्रे मी एकाच आठवड्यात पाहिली. वळीव अंगाचा ताप उतरवतो. दुष्काळ उतरवणे त्याच्या हातात नाही. ती गाडी थांबली ती पावसाळा चांगला लागल्यावरच.

2023 सालच्या 28 मेचे वादळही नौतप्यातलेच. आदल्याच वर्षी उभ्या राहिलेल्या महाकाल लोकातल्या सप्तर्षींपैकी सहा मूर्ती त्याने पाडल्या. त्यावर पुष्कळ बोलले गेले, मी भर घालत नाही.

इतके सगळे हिशेबाच्या बाजूने. आता अण्णांची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्यासाठी थोडे शिकवणीतले बोलावे लागेल. मध्यमाद सारंग आणि मेघ हे दोन राग घ्या. एक टळटळीत दुपारचा, एक भरल्या आभाळाचा. दोघांचे स्वर तेच: सा, रे, मध्यम, पंचम, कोमल निषाद. गंधार नाही, धैवत नाही. पेटीवर पाच पट्ट्या दाबून दाखवल्या तर कोणता राग ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फरक उच्चाराचा. सारंगाचा रिषभ सरळ उभा, उन्हातल्या खांबासारखा. मेघाचा रिषभ मध्यमाला स्पर्श करून झुलतो, जड होऊन खाली येतो, आणि निषाद-पंचमाच्या मिंडीत आभाळ भरून येते. विद्यार्थ्यांना हे शिकवताना माझी दोन-दोन वर्षे जातात. सारंगात रिषभ जरा हलला तरी आम्ही थांबवतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात अण्णा अंथरुणाला खिळले होते. ऐंशी उलटलेली. पाऊस आदल्या साली हुकला होता, नळ दिवसाआडचा दोन दिवसांआड झाला होता. ताई त्यांना ओल्या फडक्याने पुसत असे आणि ते पाणी बादलीत साठवून झाडांना घालत असे. दुपारी वीज जाई. अण्णांचे बोलणे कमी झाले होते, पण दुपारी तंबोरा लावून उशाशी वाजत राहावा एवढा एक हट्ट होता, आणि मी सुटीत तिथे असल्याने ते काम माझे.

त्या दिवशी तंबोरा जुळता जुळेना. खुंटी पिळली, मणी सरकवला, जोडाच्या तारा चढलेल्याच. वैतागून मी पुन्हा उतरवायला लागलो, तर अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "राहू दे. हवा फिरली."

खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होते. पण गार झुळूक आत शिरली होती. तार पोलादाची, हवा निवाली की आखडते आणि चढते. तबल्याची पुडी उलट ओल धरून उतरते, म्हणून वळिवात साथीला बसणे नको असे तबलजी म्हणतात. मला वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि त्यांना तो तारेतून कळला होता.

मग सगळे नेहमीप्रमाणे झाले. धूळ, दारे, ताईची धावपळ. तिने पन्हाळीखाली बादल्या लावल्या, पातेली लावली, शेवटी पाट्याजवळचा कोळंबासुद्धा नेला. पत्र्यावर थेंब वाजू लागले आणि अण्णांनी आवाज लावला. आठ-दहा दिवसांत ते गायले नव्हते. सारंगच होता, दुपारच्या वेळेला धरून. आवाज कसला, नुसता श्वास, पण जागा पक्क्या. मी जवळ सरकलो. चार-पाच आवर्तनांइतका वेळ गेला असेल, आणि रिषभ हलायला लागला. वय झाले, दम नाही, कापणारच असे मनात आले आणि वाईट वाटले. तरीही माझ्यातला मास्तर गप्प बसेना. सवयीने बोलून गेलो, "अण्णा, रिषभ हलतोय."

"हलवतोय," ते म्हणाले.

पुन्हा रिषभावर आले, मध्यमाला शिवले आणि झुलवत खाली सा वर उतरले. निषादावरून पंचमावर मींड घेतली. एकच, पण पूर्ण. ताई भिजलेल्या पदराने दारात उभी होती. तिला रागदारीतले फार कळत नाही असे ती नेहमी म्हणते. तिने माझ्याकडे पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. मृगाला दोन आठवडे होते.

ते किती वेळ गायले मला सांगता येणार नाही. पाऊस थांबण्याच्या आधीच थांबले. नियमाविषयी ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. त्या वर्षीचा मृग त्यांनी पाहिला नाही. पावसाळा उशिरा आला तेव्हा आमचे सुतक फिटून बरेच दिवस झाले होते.

त्या संध्याकाळी ताईने बादल्या आत आणल्या. साडेतीन बादल्या आणि एक कोळंबा. पाण्यात पत्र्यावरची धूळ होती, ती तळाशी बसू दिली, वरचे निवळ घेऊन तिने अण्णांना मानेपासून पायांपर्यंत स्वच्छ अंघोळ घातली. पंधरा दिवसांतली पहिली. उरलेले तुळशीला आणि पेरूला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पुन्हा होते तिथे आले, नळ काही आला नाही. तंबोऱ्याच्या तारा उतरल्या होत्या. मी त्या पुन्हा जुळवायला बसलो.